राहिलेल्या नऊ धावा

क्रिकेटमधले काही आकडे आपण मुद्दाम पाठ करत नाही, ते आपोआप होऊन जातात. ९९.९४ म्हटलं की ब्रॅडमन. ५०१ म्हटलं की लारा. आमच्याकडे ज्यांना मिड-ऑन आणि मिड-ऑफमधला फरक कधी कळला नाही, त्यांनाही हे दोन आकडे ठाऊक आहेत. पण ४४३ म्हटलं की कोण? इथे मात्र शांतता. मी गेल्या महिन्यात सहज दहा-बाराजणांना विचारून पाहिलं. त्यातले तिघे अस्सल पुणेकर. एकाने सेहवाग म्हणून सांगितलं, एकाने "भारताची कुठल्या तरी कसोटीतली धावसंख्या असेल" असं म्हणून चहा मागितला. :)

तर आज त्या ४४३ बद्दल.

१९४८ सालचा डिसेंबर. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी करंडकाचा सामना १६ तारखेला सुरू झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राची पहिली जोडी फुटल्यावर तिसऱ्या क्रमांकावर भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. वय अवघ्या चार दिवसांपूर्वी २९ पूर्ण झालेलं, गाव कोल्हापूर. समोर के. व्ही. भांडारकर. या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तीनशे झाले, साडेतीनशे झाले. विजय मर्चंटने १९४३-४४ च्या मोसमात याच महाराष्ट्राविरुद्ध ठोकलेल्या नाबाद ३५९ मागे पडल्या, म्हणजे भारतीय विक्रम झाला. मग चारशे झाले. तिसऱ्या दिवशी खेळाडू मध्यंतराला आत आले तेव्हा फलकावर महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार.

जागतिक विक्रम होता ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. फरक नऊ धावांचा. जो माणूस आठ तास खेळून ४४३ वर उभा आहे त्याला नऊ धावा म्हणजे दोन चौकार आणि एक एकेरी.

त्या नऊ धावा झाल्या नाहीत. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही परत जातो, असं त्यांनी मध्यंतरात महाराष्ट्राच्या कर्णधाराला कळवलं. विक्रमाची गोष्ट त्यांच्या कानावर घालण्यात आली. दोनच षटकं द्या, अशी विनंती केल्याचंही सांगतात. ठाकोरसाहेब बधले नाहीत. विक्रमांच्या पुस्तकात आपल्या संघाचं नाव असं चुकीच्या कारणासाठी कायमचं नोंदलं जावं हे त्यांना मान्य नव्हतं. काठियावाडने सामना सोडला आणि मंडळी सामान बांधून निघून गेली.

गंमत अशी की त्यांचं नाव तरीही पुस्तकात गेलंच. आणि गेलं ते जास्तच चुकीच्या कारणासाठी.

आता हे सगळं आमच्या घरी निघालं की काय होतं ते सांगते. माझे सासरे कोल्हापूरचे. त्यांच्या मते यात चर्चा करण्यासारखं काही नाहीच. "अगं, खासबागेत कधी पाहिलंयस का, पाठ टेकायची वेळ आली म्हणून पैलवान लंगोट बांधून घरी गेलाय? हरायचं असेल तर मैदानात हर की." विषय संपला. माझे मोठे दीर वकील. त्यांना कुठलाही विषय असा संपलेला सोसत नाही. त्यांचं म्हणणं, बाबा, दुसरी बाजू बघा. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झाली होती. सामना केव्हाच हातातून गेला होता. उरलेला खेळ कशासाठी? एका माणसाच्या आकड्यासाठी. आणि क्रिकेटच्या नियमांत डाव घोषित करायचा हक्क फक्त फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला असतो. जो संघ चेंडूमागे धावतोय त्याला "आता पुरे" म्हणायची काही सोयच नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, निघून जाणं. ती ठाकोरसाहेबांनी केली.

मला दिरांचा मुद्दा पटत नाही, पण तो टाकूनही देता येत नाही. म्हणून मी जरा त्या काळात डोकावून पाहिलं, आणि तिथे मला जे दिसलं त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

१९४८ हे संस्थानं विलीन होण्याचं वर्ष. काठियावाडात लहानमोठी दोनशेहून अधिक संस्थानं होती. त्यांचं मिळून फेब्रुवारी १९४८ मध्ये एक राज्य झालं, पुढे त्यालाच सौराष्ट्र नाव मिळालं. राजकोटही त्यातच गेलं. म्हणजे पूना क्लबच्या मैदानावर जो गृहस्थ कर्णधार म्हणून उभा होता, त्याचं राज्य जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. खजिना, कचेऱ्या, कोर्ट, पोलीस सगळं सरकारजमा झालेलं. उरलं होतं नाव आणि मान. अशा माणसाला तीन दिवस कुणाच्या तरी फलंदाजीचा नुसता साक्षीदार म्हणून उन्हात उभं राहणं किती जड गेलं असेल, याचा मी विचार करून पाहिला. त्यांच्या मनात नेमकं काय होतं हे मी सांगू शकत नाही, ते सांगायचा मला अधिकारही नाही. पण "माझ्या संघाचं नाव असं नोंदलं जायला नको" हे वाक्य एका खेळाडूच्या तोंडी विचित्र वाटतं. एका नुकत्याच राज्य गेलेल्या राजाच्या तोंडी ते तितकंसं विचित्र वाटत नाही.

आणि समोरचे निंबाळकर? तेही संस्थानी मुलखातलेच. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई इलाख्यात विलीन झालं, म्हणजे या खेळीनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. त्यांचं क्रिकेटही राजेरजवाड्यांच्या आश्रयाने वाढलेलं. ते बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, नंतर मध्य भारत, राजस्थान, रेल्वे असा प्रवास झाला. आज एखादा खेळाडू इतके संघ बदलतो तेव्हा आपण त्याला लिलावातला म्हणतो. तेव्हा ज्या दरबारात नोकरी त्याचा संघ आपला, असं होतं. इंदूरला १९४५-४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहाजणांनी शतकं काढली. त्यात निंबाळकरांच्या १७२ होत्या आणि भांडारकरांच्या १४२. म्हणजे पुण्यात जमलेली ही जोडी मुळात होळकरांच्या पंक्तीला बसलेली!

त्यातून रणजी करंडक ज्यांच्या नावाने खेळतात ते रणजितसिंहजी कुठले? नवानगरचे जामसाहेब. म्हणजे काठियावाडचेच. रणजींच्या नावाच्या स्पर्धेत रणजींच्या मुलखातला संघ मैदान सोडून गेला. इतिहासाला असले योग जुळवून आणायची भारी हौस असते.

राजाने खेळ थांबवायचा आणि खेळाडूने मुकाट्याने पॅड सोडायचे, हे जुन्या जगाला धरूनच होतं. ते जग त्याच वर्षी संपत होतं. निंबाळकरांचं नशीब असं की ते त्या जगाच्या शेवटच्या पानावर फलंदाजीला आले.

असो. पण नुसता काळाला दोष देऊनही भागत नाही, कारण विक्रम होताना समोरचा संघ कसा वागतो याची बाकीची उदाहरणं आपल्याकडे आहेत.

जानेवारी १९३० मध्ये सिडनीला ब्रॅडमनने नाबाद ४५२ केल्या त्या क्वीन्सलंडविरुद्ध. क्वीन्सलंड तो सामना ६८५ धावांनी हरलं. इतका मार खाऊनही त्यांच्या खेळाडूंनी एकवीस वर्षांच्या ब्रॅडमनला खांद्यावर उचलून आत नेलं. त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्यांची धुलाई झाली तेच खांदे देतायत, आणि चेहऱ्यावर हसू आहे. पुढे जानेवारी १९५९ मध्ये कराचीला हनीफ मोहम्मद बहावलपूरविरुद्ध खेळताना ब्रॅडमनच्या पुढे गेला. तिसऱ्या दिवसाच्या अगदी शेवटी तो ४९९ वर धावबाद झाला. फलकावर त्याच्या धावा चुकून ४९६ दाखवत होते, प्रत्यक्षात तो ४९८ वर होता. म्हणून पुढच्या चेंडूवर पुन्हा आपल्याकडेच खेळ यावा या घाईत तो पळाला आणि गेला. बहावलपूरचा संघ त्या सामन्यात १८५ आणि १०८ मध्ये गुंडाळला गेला. लाज वाटायचीच तर त्यांना ठाकोरसाहेबांपेक्षा जास्त वाटायला हवी होती. पण ते चेंडू टाकत राहिले. आणि ६ जून १९९४ ला एजबॅस्टनवर लाराने नाबाद ५०१ केल्या तेव्हा सामना अनिर्णित राहणार हे उघड होतं. डरहॅमलाही त्यातून काही मिळायचं नव्हतं. तरी तेही थांबले. थांबले म्हणजे मैदानात थांबले.

हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. विक्रम आपण एका नावावर लिहितो, पण तो दोन संघ मिळून करतात. एक करतो आणि दुसरा होऊ देतो. होऊ देणं म्हणजे सोडून देणं असं नाही. आपला चेंडू टाकायचा, आपला झेल पकडायला धावायचं आणि तरी तो पुढे गेला तर जाऊ द्यायचं. यात काठियावाडच्या गोलंदाजांची मला जास्त दया येते. सव्वाआठशे धावा दिल्यावर त्यांच्यातल्या कुणाला तरी वाटलंच असेल ना, की आता निदान आपण त्याला बाद करून दाखवू? ४५१ वर त्रिफळा उडवला असता तर तो गोलंदाज जन्मभर ती गोष्ट सांगत फिरला असता. कर्णधाराने निंबाळकरांबरोबर आपल्या माणसांचीही संधी काढून घेतली.

आता यातला एक पदर असा, की जो सांगितल्याशिवाय हा लेख अर्धाच राहील. त्या डावात ब्रॅडमनचा एक विक्रम खरोखरच मोडला गेला! १९३४ मध्ये ओव्हलच्या कसोटीत ब्रॅडमन आणि पॉन्सफर्ड यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५१ धावांची भागी केली होती. निंबाळकर-भांडारकर यांची भागी ४५५ ची. फक्त चार धावांनी जास्त, पण जास्त. हा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत टिकला. तो जेम्सन आणि कन्हाय यांनी वॉरिकशायरकडून मोडला. पंचवीस वर्षं दुसऱ्या गड्याच्या भागीदारीपुढे कोल्हापूरच्या माणसाचं नाव होतं. पण आपल्याला न झालेल्या नऊ धावा आठवतात, झालेल्या चार नाही. मनाचा हिशोब असाच असतो.

तसं पाहिलं तर ते वर्षच थोडक्यात हुकण्याचं होतं. १४ ऑगस्ट १९४८ ला ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटीत शून्यावर गेला. चार धावा केल्या असत्या तर सरासरी शंभर झाली असती. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध आपल्याला ३६१ हव्या होत्या, ८ बाद ३५५ वर वेळ संपली. तिथे सहा. ब्रॅडमनच्या चार, आपल्या सहा आणि निंबाळकरांच्या नऊ, सगळं सात महिन्यांत.

वेस्ट इंडिजवरून आठवलं. हा मुद्दा मला त्या नऊ धावांपेक्षा जास्त लागतो. ४४३ ची खेळी झाली तेव्हा वेस्ट इंडिजचा संघ भारतातच होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली, कलकत्त्याची तिसरी ३१ तारखेला सुरू होणार होती. या दोहोंच्या बरोबर मधे एक माणूस पुण्यात भारतीय विक्रम करतो... आणि कलकत्त्याच्या संघात त्याचं नाव नसतं. त्या कसोटीतच नाही, पुढेही कधी नाही. निंबाळकर आयुष्यात एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, बस्स. निवड समितीची बाजूही सांगायला हवी. हजारे, रुसी मोदी, हेमू अधिकारी यांनी त्याच मालिकेत शतकं केली होती, मधल्या फळीत जागा होती कुठे? आणि त्या काळात आपल्या पाटा खेळपट्ट्यांवर धावांचा पाऊस पडायचा हेही खरं. त्याच मोसमात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, एका सामन्यात नऊ शतकं! त्यामुळे ४४३ ला कुणी दचकलं नसेल. पण निंबाळकरांची पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधली कारकीर्द ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी जवळपास ४८. ही काही एका दिवसाची दिवाळी नव्हे.

ब्रॅडमनने पुढे त्यांना चिठ्ठी पाठवून तुमची खेळी माझ्या खेळीपेक्षा सरस होती असं कळवलं, असं निंबाळकरांबद्दलच्या मृत्युलेखांत वाचायला मिळतं. २००२ मध्ये त्यांना क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. नायडूंच्या हाताखाली खेळलेल्या माणसाला नायडूंच्या नावाचा पुरस्कार, हे छान झालं. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा त्र्याण्णवावा वाढदिवस होता. इथेही एक दिवस कमी.

तेव्हापासून अशी थांबण्याची आणखी काही उदाहरणं झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राच्याच स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ५९४ केल्या. जागतिक विक्रम ६२४ चा, तीस धावा दूर, आणि गुगळेने स्वतः ३५१ वर असताना डाव घोषित केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध अभेद्य ६०६ केल्या. अठरा धावा दूर, आणि गोव्यानेही डाव सोडला. जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर उपाहाराला नाबाद ३६७ वर होता. कसोटीतला लाराचा ४०० चा विक्रम ३३ धावांवर, दिवस पुष्कळ बाकी, कर्णधार तो स्वतः. त्याने डाव घोषित केला. तो विक्रम लारासारख्याकडेच राहावा असं त्याला वाटलं.

मध्यंतर तेच, नाबाद फलंदाज तोच, थोडक्यात राहिलेला आकडा तोच. पण मुल्डरचं ऐकून आपण कौतुक करतो आणि निंबाळकरांचं ऐकून हळहळतो. सोडून देणं आणि काढून घेतलं जाणं, या दोन गोष्टींची बेरीज फलकावर सारखीच दिसते. माणसाच्या आत मात्र ती सारखी नसते. एकात तो थांबलेला असतो, दुसऱ्यात त्याला थांबवलेलं असतं.

समजा, ठाकोरसाहेबांनी दोन षटकं दिली असती. निंबाळकर ४५३ वर पोचले असते. दहा वर्षं जागतिक विक्रम त्यांच्या नावे राहिला असता आणि १९५९ मध्ये हनीफने तो मोडलाच असता. आज यादीत लारा, हनीफ, ब्रॅडमन, निंबाळकर असा क्रम आहे. त्यात निंबाळकर चौथ्याऐवजी तिसरे असते. एवढाच फरक. भारतीयांत मात्र अजूनही त्यांच्या आसपास कुणी नाही. पृथ्वी शॉच्या २०२३ मधल्या ३७९ सगळ्यांत जवळच्या, म्हणजे अजून ६४ धावा लांब. पहिल्या दर्जाच्या सामन्यात चारशेचा आकडा गाठलेला भारतीय आजही एकच आहे.

दिरांनी परवा हे सगळं ऐकून घेतलं आणि वकिली थाटात विचारलं, मग नुकसान नेमकं काय झालं ते सांग. मी म्हटलं, यादीत काही नाही. पण त्या दिवशी मध्यंतरानंतर पुन्हा पॅड बांधून, ग्लोव्हज घालून तो माणूस मैदानात जायला निघाला असेल. पुढचा चेंडू कसा खेळायचा एवढंच तेव्हा डोक्यात असतं. तो चेंडू त्याचा होता. त्यावर तो शून्यावरच्या फलंदाजासारखा बादही झाला असता. तो त्याला मिळायला हवा होता.